भट्टीची भाषा येणारं दुसरं माणूस

मी आयुष्यभर ज्या भाषेत लिहिलं, ती वाचता येणारं माणूस या शहरात परवापरवापर्यंत एकच होतं, आणि ते म्हणजे मी. एखाद्या कवीने असं म्हटलं असतं तर लोक हळहळले असते. मी पडले प्रोग्रॅमर. त्यामुळे लोक एवढंच विचारतात, की मग त्या भाषेत लिहिता तरी कशाला? संपादकांनीही तेच विचारलं, फक्त जरा अदबीने. जुन्या, कुणाच्या फारशा ध्यानात नसलेल्या संगणकभाषा आजही वापरण्याजोग्या आहेत का, यावर अनुभवातून लिहा म्हणाले. अनुभवातून लिहा म्हणजे उपदेश करू नका, असा मी त्याचा अर्थ घेतला आहे.

या क्षेत्राशी संबंध नसलेल्यांसाठी आधी थोडं सांगते. संगणकाला काम सांगायच्या शेकडो भाषा आहेत. काही राजमान्य आहेत. त्यांचे क्लास निघतात, त्यांच्यावर नोकऱ्या मिळतात, मुलं लग्नाच्या बायोडेटातसुद्धा त्यांची नावं घालतात. काही एके काळी मोठ्या होत्या आणि आता जुन्या कचेऱ्यांमधून निमूटपणे काम करत असतात. आणि काही कधीच मोठ्या नव्हत्या. माझी फोर्थ ही या तिसऱ्या गटातली. तरुणपणी एका प्रयोगशाळेत दुर्बीण फिरवणारं यंत्र माझ्याकडे होतं, तिथे मी ती शिकले. इवल्याशा यंत्रात मावते, झटपट चालते आणि दुसऱ्या कुणाला येत नाही, या तिन्ही गोष्टी तेव्हा मला तिचे गुणच वाटत.

फोर्थची एक गंमत आहे. बहुतेक संगणकभाषा इंग्रजी वळणाच्या, त्यांत हुकूम आधी येतो. फोर्थमध्ये आधी दोन, मग तीन, आणि शेवटी 'मिळव'. म्हणजे आपण बोलतो तसंच. मंगल कार्यालयात जेवणाच्या ताटांची चवड असते तसे आकडे एकावर एक ठेवत जायचे, आणि क्रियापद आलं की त्याने वरची ताटं उचलून कामाला लागायचं. दुसरं असं, की या भाषेत नवे शब्द तुम्हीच तयार करायचे. एकदा शब्दाचा अर्थ सांगितला की तो भाषेतलाच होतो, आणि त्याच्या आधाराने पुढचा शब्द बांधता येतो. त्यामुळे ती जिथे जाते तिथली होऊन बसते.

माझी फोर्थ हडपसरची झाली. तिथे जगतापांचा हीट ट्रीटमेंटचा कारखाना आहे. लोहार कोयत्याला पाणी पाजतो ना, तेच काम मोठ्या प्रमाणावर. गाड्यांचे आस, दातेरी चाकं असा माल भट्टीत लाल करायचा, त्या उष्णतेत ठरलेला वेळ ठेवायचा, तेलात बुडवायचा, आणि नंतर बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. यातलं एक जरी चुकलं तर आस गाडीखाली गेल्यावर मोडतो. कारखान्याचे मालक जगतापआबा यांनी मला भट्टी संगणकावर चालवून द्यायला सांगितलं, तेव्हा मी आधी भट्टीवरच्या बबनरावांशेजारी स्टूल टाकून बसले आणि ते कशाला काय म्हणतात ते ऐकत राहिले. तापवणं, मुरवणं, बुडवणं, निववणं. मुरवणं हा शब्द मला लोणच्याचा वाटला आणि मी हसले, तर बबनराव म्हणाले, "मग? लोखंडबी मुरतंच की. वरनं लाल दिसतंय म्हणून आतनं झालेलं नसतंय."

तेच शब्द मी भाषेत घातले. पडद्यावर अक्षरं इंग्रजी, शब्द बबनरावांचे. आठशे पन्नास तापव, चाळीस मुरव, बुडव. हा माझा प्रोग्रॅम. अर्थात प्रत्येक शब्दाच्या पोटात बरंच काही होतं, पण वरून तो असा दिसायचा, आणि वाचून दाखवला की भट्टीवरच्या कुणालाही कळायचा. मी बरीच कामं केली, त्यांतली काही मोठ्या पगाराची आणि चकचकीत इमारतींतली होती. पण मला कुणी विचारलं की तुम्ही काय केलंत, तर मी हेच दाखवीन. नंतर जगात संगणकाच्या पिढ्यामागून पिढ्या झाल्या. दर वेळी मी आबांना विचारायची, नवं काही बसवू या का? ते म्हणायचे, "चालतंय तवर चालू द्या की." आमच्या धंद्यातही पहिला धडा हाच असतो, चालत्या प्रोग्रॅमला हात लावू नये.

या चालण्याची किंमत मात्र वेगळ्याच माणसाने मोजली. भट्टी अधूनमधून थांबायची. कधी विजेचा दाब कमी-जास्त व्हायचा, कधी उष्णता मोजणारी तार जळायची. माल आत असताना भट्टी थांबली तर माल जातो, आणि फार वेळ गेला तर भट्टीच्या आतल्या विटाही तडकतात. अशा वेळी मला फोन यायचा. मी आधी फोनवर सांगायची, जमलं नाही तर रिक्षा करून जायची. म्हणजे फोन लागेल आणि तासा-दोन तासांत हडपसर गाठता येईल, एवढंच माझं जग. आमचे हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांनी उभी हयात फळ्यावर ब्रह्मपुत्रा काढली, तिबेटात उगम, तिथून मोठं वळण, आसामात उतरल्यावर प्रवाहाच्या वेण्या, मध्ये माजुली बेट. पण प्रत्यक्षात कधी पाहिली नाही. दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा परत केली. एकदा भट्टी बंद पडली म्हणून, आणि एकदा पडेल अशी मला भीती वाटली म्हणून. दुसऱ्या वेळी ते रागावलेही नाहीत. अंगणवाडीतल्या पोराला समजवावं तसं मलाच समजावत राहिले की नदी कुठे पळून जात नाही.

नदी पळून गेली नाही. त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने वेग कमी करता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. नजर कडेकडून आकसत जाते. तेव्हा त्यांनी विचारलं, "मधलं किती दिवस राहील?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, की नकाशा काय, पाठ आहे.

इथे मला नारायण पेठेतल्या दामल्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दामले वधूवर सूचक मंडळ चालवायचे. त्यांच्यासाठी कुणीतरी फार पूर्वी एका जुन्या भाषेत स्थळांचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. गोत्र, उंची, पगार, अपेक्षा, आणि शेवटचा रकाना 'स्वभाव', जो दामले मुलाखतीनंतर स्वतः भरायचे. संगणक इतका जुना, की त्याच्यावर भरतकामाचं आच्छादन होतं. मी त्यांना कितीदा सांगितलं, काका, ही माहिती नव्या यंत्रावर नव्या भाषेत हलवू या, मी करून देते. ते म्हणायचे, "मुलगी बघायला आलेले लोक मशीन बघत नाहीत." एके दिवशी मशीनने मान टाकली. सुटे भाग मिळेनात, आतली तबकडी वाचता येईना. मी गेले तर दारावर पाटी लागलेली, 'संगणक बंद आहे. स्थळे लक्षात आहेत. दुपारी १ ते ४ विचारू नये.'

आणि खरंच त्यांच्या लक्षात होती. बरेच दिवस त्यांनी तोंडी मंडळ चालवलं. पुढे ते आजारी पडले आणि मंडळ मिटलं. मंडळात नावं नोंदवलेल्यांचं काय झालं, कुणास ठाऊक. ती पाटी मी पुढे कितीतरी समारंभांत हसून सांगितली. दुसऱ्याला सांगताना माणसाला भलतीच अक्कल असते. तशीच एक पाटी माझ्याही गळ्यात होती, हे मला दिसलं नाही, कारण माझी भाषा मरतुकड्या संगणकात नव्हती, उत्तम चालत होती. दामल्यांचं मशीन जुनं होतं, माझं मशीन धडधाकट होतं आणि जुनी होत चालले होते मी.

आबा गेल्यावर कारखाना त्यांच्या मुलीने, मृणालने हाती घेतला. लहानपणी ती भट्टीपाशी फिरकायला बघायची आणि बबनराव तिला हाकलायचे. मला ती मावशी म्हणते. तिच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की आमची माणसं तपासणीला येतील, आणि भट्टीचा प्रोग्रॅम कोण सांभाळतं हे त्यांना बघायचं आहे. किमान दोन नावं हवीत. दोन नसतील तर काम दुसरीकडे जाईल. मृणालने बाणेरच्या एका कंपनीचे दोन तरुण बोलावले आणि मलाही. मुलं हुशार होती. त्यांनी पडदा बघितला आणि एकमेकांकडे बघितलं. मग त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅम, ॲक्चुअली याचं डॉक्युमेंटेशन कुठे आहे?"

मी म्हटलं, "तुमच्यासमोर बसलंय."

तो हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मृणाल हसली नाही. ती मुलं गेल्यावर तिने मला दोन चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली, "मावशी, अगदी खरं सांगा. ठेवू की काढू?"

काढायचं म्हणजे भट्टी काही आठवडे बंद, नवी यंत्रणा, नवी माणसं, आणि बसवणारे निघून गेल्यावर पुन्हा कुणालाच आतलं काही माहीत नाही. ठेवायचं म्हणजे मी. ओठांवर आलं होतं 'ठेव'. पण डोळ्यांपुढे दामल्यांची पाटी आणि ह्यांचा रिक्षातला चेहरा होता. मी म्हटलं, दुसरं माणूस मिळालं तर ठेव, नाही तर खुशाल काढ. 

दुसरं माणूस मिळालं ते वानखेडे. मूळचे अकोल्याकडचे, राहायला येरवड्याला, पन्नाशीच्या जवळ आलेले. एका मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षं जावा या राजमान्य भाषेत काम केलं होतं आणि एका दुपारी त्यांना कंपनीने निरोप दिला होता. त्यानंतर मुलाखती देत होते. मृणालच्या ओळखीतून आले. मी पहिल्याच भेटीत विचारलं, की आपण एवढ्या चालत्या भाषेतले, ही मेलेली भाषा कशाला शिकता?

"मॅडम, माझी भाषा तर जिवंत होती ना," ते म्हणाले. "तरी मला काढलंच."

तेव्हाच मला ते आवडले. शिकवायला सोपे नव्हते. सुरुवातीला त्यांना सगळं उलटं वाटायचं आणि ते हातांनी हवेत चौकटी काढायचे. मी म्हटलं, इंग्रजीत विचार करू नका, घरी बोलता तसं बोला. एक दिवस ते पडद्यासमोर स्वतःशीच पुटपुटले, आठशे पन्नासले तापव, चाळीस मिनटं मुरव, आणि मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "असं होय! मग आधी काहून नाही सांगितलं?" त्यानंतर त्यांची गाडी सुसाट सुटली. मला न विचारता शब्द वाचायला लागले, काही ठिकाणी माझ्या चुकाही काढायला लागले. मी ब्रह्मपुत्रेचे दिवस बघायला लागले. थंडीत जावं, तेव्हा पाणी स्वच्छ असतं, असं ह्यांनी सांगितलं.

आणि मग माल गेला. झालं असं, की वानखेड्यांनी 'मुरव' हा शब्द सुधारला. वीज थोडा वेळ जाऊन आली तर माझा जुना शब्द आधीची वेळ तशीच पुढे मोजत राहायचा. पूर्वी भट्टी इतक्या पटकन निवत नसे, म्हणून ते चालून जायचं. वानखेड्यांनी तो असा केला, की भट्टी पुन्हा तापेपर्यंत वेळ मोजायची थांबेल. सुधारणा उत्तम. त्यांनी शब्द तपासला, चालला. पण फोर्थची एक खोड आहे. शब्दाला नवा अर्थ दिला, तरी त्याच्या आधी बांधलेल्या शब्दांना तो कळत नाही. पूर्वी घरात नवी सून आली की तिचं नाव बदलायचे. समजा थोरल्या सुनेचंच नाव धाकटीलाही ठेवलं, तर जुन्या माणसांच्या हाकेला थोरलीच ओ देणार आणि नव्यांच्या हाकेला धाकटी. तसं. आसांचा प्रोग्रॅम जुना, त्याच्या हाकेला जुनाच 'मुरव' धावून आला. वीज जाऊन आली, आस आतून कच्चे राहिले, आणि तपासणीत ते मऊ निघाले. सबंध खेप भंगारात गेली.

ही खोड मला इतकी अंगवळणी पडलेली होती, की ती सांगायची गोष्ट आहे हेच मला सुचलं नव्हतं. मी कारखान्यात पोहोचले तेव्हा वानखेड्यांनी आपला डबा, पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर पिशवीत भरून ठेवलेलं होतं. मृणाल चिडली नाही. तिने शांतपणे सांगितलं, की महिनाअखेरीपर्यंत ती बाणेरवाल्यांना होकार कळवणार. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही दोघं भट्टीसमोर बसलो. मी त्यांना थोरली-धाकटी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? राग नका धरू. यात भाषेचा दोष किती अन् तुमचा किती?"

मला राग आला. घरी येईपर्यंत होता. मग लक्षात आलं, की संपादक विचारताहेत तो प्रश्न खरा असा विचारायला हवा. या भाषेला लोक अवघड म्हणायचे तेव्हा मला अभिमान वाटायचा. पण तिच्यातलं निम्मं अवघडपण भाषेचं नव्हतंच, ते माझ्या न सांगण्याचं होतं. सांगायला कुणी नव्हतं, हे खरं. कुणी नाही याचं मला मनातून फारसं वाईट वाटत नव्हतं, हेही खरंच. फोन आला, की मी कपाळाला आठी घालायची आणि आतून सुखावायची. आपल्यावाचून कुठेतरी अडतं, ही चव फार वाईट, एकदा लागली की सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वानखेड्यांना सांगितलं, निम्मा माझा. ते म्हणाले, मग माझं ऐका. आणि त्यांनी मृणालकडे महिनाअखेरीपर्यंतचे गुरुवार मागून घेतले.

आमच्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद, त्यामुळे कारखान्याला सुट्टी. वानखेड्यांचा बेत असा, की गुरुवारी जनरेटरवर भट्टी रिकामी चालवायची आणि ती मुद्दाम बिघडवायची. दुरुस्त करणार वानखेडे. बिघडवणार बबनराव, ते कधीच निवृत्त होऊन मांजरी गावात शेती बघत होते, त्यांना बोलावून घेतलं. आणि मॅडम बसणार फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर, फोन मृणालच्या ताब्यात. काही विचारायचंच झालं तर वानखेडे चालत बाहेर येतील आणि विचारतील. म्हणजे काय सांगायचं राहिलं आहे ते कळेल.

जन्मभर भट्टीला जपलेल्या माणसाला ती बिघडवा म्हटल्यावर बबनरावांनी आधी तोंड वाकडं केलं, आणि मग असे रंगले, की विचारता सोय नाही. तारा उपटल्या, पंखा अडवला, तेलाची तोटी अर्धवट ठेवली, आणि काय केलं ते कुणालाही सांगितलं नाही. मी टपरीवर बसून असायची. दहावीच्या केंद्राबाहेर आया बसतात, तशी. आत जनरेटरचा आवाज बदलला, की माझे हात आपोआप टाइप करायला लागायचे. टपरीवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, मॅडम, तुम्हाला आत घेत न्हाईत का? मी म्हटलं, नाही घेत. त्याने चहात साखर जरा जास्त घातली.

पहिल्या गुरुवारी वानखेडे इतक्या वेळा बाहेर आले, की रखवालदाराने फाटक उघडंच ठेवलं. ते येऊन विचारायचे, मी सांगायची, आणि प्रत्येक वेळी मला आश्चर्य वाटायचं, की अरे, हेही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ते ऐकून आत जायचे आणि ती गोष्ट तिथल्या तिथे प्रोग्रॅममध्ये मराठीत लिहून ठेवायचे, शब्दाच्या शेजारीच. पुढच्या गुरुवारी कमी आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी कमी. पण एक तरी प्रश्न उरायचाच, आणि खोटं कशाला बोलू, तो उरला की मला बरं वाटायचं.

महिनाअखेरीला मृणालने बाणेरला फोन करून आत्ता नको म्हणून कळवलं. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी पडद्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवून वानखेड्यांना अर्थ विचारला. वानखेड्यांनी नुसता अर्थ नाही सांगितला, थोरली आणि धाकटीही सांगितली. त्या गृहस्थांनी दोन नावं लिहून घेतली. माझं दुसरं लिहिलं, वयाने नव्हे, त्या दिवशी उत्तरं ज्याने दिली त्याचं पहिलं.

तर, जुन्या भाषा वापराव्यात का? माझं मत विचाराल तर भाषेच्या वयाचा यात संबंध नाही. फोर्थमध्ये आजही अशा गोष्टी आहेत, ज्या नव्या भाषांना जमत नाहीत. लहान यंत्रात, एका कामासाठी, त्या कामाच्याच शब्दांत बोलायला तिच्यासारखी दुसरी मला भेटली नाही. पण भाषा एका माणसाला येत असेल, तर ती भाषा नव्हे, तो त्या माणसाचा हेका. दोघांना येत असेल तर बोलणं सुरू होतं, भांडण सुरू होतं, आणि जिथे भांडण आहे तिथे चूक सापडते. वानखेड्यांचं म्हणणं, की आणखी काही वर्षांनी भट्टीच बदलावी लागेल, तेव्हा आपण दुसऱ्या भाषेत जाऊ, पण समजून-उमजून जाऊ. मला ते पटतं. मनाला लागतं, तरी पटतं.

थंडीत आम्ही आसामला गेलो. जोरहाटहून माजुलीला जाणाऱ्या बोटीत बसलो. आमचे हे कठड्याला धरून उभे. नजर कडेने आकसलेली, म्हणून ते नदी बघताना मान या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होते. मला ते बघवेना. त्यांना ते कळलं असावं. म्हणाले, "अगं, एवढी मोठी नदी आहे. हिच्यासाठी मान सगळ्यांनाच फिरवावी लागते." मी आजूबाजूला बघितलं, तर खरंच, बोटीतले सगळे मान फिरवून बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला. वानखेड्यांचा.  ह्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, त्यांना ती वेळ आणि तो आवाज पाठ होता. मी जरा बाजूला जाऊन फोन घेतला. वानखेडे म्हणाले, की सकाळी माल आत असताना भट्टी थांबली होती. उष्णता मोजणारी तार गेली होती. ती बदलली, पुन्हा तापवलं, मुरवलं, बुडवलं. माल तपासला, चांगला निघाला.

मी सवयीने विचारलं, मग आता कुठे अडलंय?

"कुठंच नाही मॅडम," वानखेडे म्हणाले. "मी सांगायला फोन केला. विचारायला नाही."

मी फोन बंद केला. डोळ्यांत पाणी आलं. आनंद होता, आणि आनंदाशेजारी दुसरंही काही होतं. एवढी वर्षं जिथे माझी जागा होती तिथे आता नुसतं वारं वाहत होतं, असं काहीसं वाटलं.

"काय म्हणते भट्टी?" ह्यांनी विचारलं, नदीवरची नजर न काढता.

"माझ्यावाचून चालली," मी म्हटलं.

ते जरा सरकले आणि कठड्यापाशी त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "मग ये इकडे," ते म्हणाले. "या उजव्या बाजूचं मला नीट दिसत नाही. काय काय आहे, सांग बघू."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि सांगायला लागले.